व्हर्नियरने मोजलेला गंधार

माझ्या व्हायोलिनच्या क्लासात एक नियम फार कडक होता: प्रश्न विचारायचे नाहीत. तो मी हौसेने केलेला नव्हता. आमच्या गुजराती शहरात कारेलीबागेतली मुलं शाळा सुटली की दोन-दोन ट्यूशन करून माझ्याकडे येतात. तिथे म्हणे शंका विचारली की शाबासकी मिळते. मग उरलेल्या शंका माझ्या दारात. ‘टीचर, गजाला घोड्याचेच केस का? घोड्याला दुखतं का? व्हेज गज मिळतो ने?’ असा अर्धा तास जातो आणि व्हायोलिन पेटीत झोपून राहतं.

त्यात व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. नुसती काळी गुळगुळीत पट्टी. रे कुठे, ग कुठे, हे कानाने शोधायचं. लहान मुलांचा कान तयार होईपर्यंत मी त्या पट्टीवर टिकल्या चिकटवते, कपाळाला लावायच्याच, मोहरीएवढ्या. टिकलीवर बोट ठेव, गज सरळ ओढ, स्वतःचं डोकं चालवू नकोस. एवढ्या शिदोरीवर मी वीसेक वर्षं काढली आणि स्वतःला मोठी गुरू समजत होते.

बाजव्याहून एक नऊ वर्षांची मुलगी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून यायची. वडील जळगावकडचे, बाजव्याजवळच्या रिफायनरीत मीटर आणि गेज दुरुस्त करणारे. माणूस सज्जन, पण दर रविवारी एकच प्रश्न: ‘मॅडम, प्रोग्रेस किती टक्के?’ गणपतीत सोसायटीच्या मांडवात मुलांचा कार्यक्रम होता. त्यांनी मुलीला सांगून ठेवलं होतं, त्यात नीट वाजवलंस तर पुढे बघू, नाहीतर याच वेळेला गणिताचा क्लास. पोरीने मला हे सांगितलं तेव्हा तिचा खालचा ओठ बाहेर आला होता. ‘मला नाही सोडायचं, टीचर.’ मलाही तिला सोडायचं नव्हतं. आठ मुलांत न सांगता रियाझ करणारी ती एकटीच.

मधला एक रविवार माझा क्लास बंद होता. कार्यक्रमाला आठ दिवस राहिले असताना तिने बिलावलातली तिची छोटी धून वाजवली. बिलावल म्हणजे सगळे शुद्ध स्वर, हसरा कारभार. पण ऐकते तर काय, मांडवात गणपती नाही, शोकसभा भरली आहे. आधी वाटलं, माझे कान गेले. मग तारा तपासल्या, त्या ठीक. पुन्हा वाजव म्हटलं. पुन्हा तोच कोमल गंधार, रडका आणि तोही अगदी बिनचूक रडका. बोट चुकलं असतं तर कुठे वर, कुठे खाली गेलं असतं. हे दर वेळी त्याच जागी.

चष्मा लावून पट्टी पाहिली. माझ्या टिकल्यांमध्ये रे ऐसपैस लांब असतो आणि ग-म एकमेकांना खेटून. इथे ग मागे सरकलेला आणि तिघी सारख्या अंतरावर, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या.

खाली स्कूटरवर बसलेल्या वडिलांना वर बोलावलं.

‘हां, ते मीच केलं,’ ते खूश होऊन म्हणाले. ‘मॅडम, तुमच्या टिकल्या आऊट होत्या. एक इकडे, दोन तिकडे. म्हटलं, मॅडमना नजरेचा त्रास असेल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. पंधरा दिवसांपूर्वी व्हर्नियर, आमचं मोजायचं माप, लावून बराबर केल्या. पाव मिलिमीटरचा फरक निघाला तर नाव सांगणार नाही!’

मी कपाळाला हात लावला. स्वर असे सारख्या अंतरावर बसत नाहीत, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा बसला. त्यांचा चेहरा उतरला. मग मी मुलीकडे वळले, आवाज चढवूनच. ‘आणि तुला कळलं नाही? पंधरा दिवस हे असं वाजवत होतीस?’

‘पहिल्याच दिवशी कळलं,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही सांगता ने, डोकं चालवायचं नाही. आणि मी रोज रेकॉर्डिंग पाठवलं, तुम्ही अंगठा पाठवला.’

मुलांनी रियाझाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवायचं, हा माझाच नियम. आणि भाजी चिरता चिरता, न ऐकता, आठही जणांना अंगठा पाठवायचा, ही माझीच सवय. मला लाज वाटली, अगदी मनापासून. बापाने टिकल्या हलवल्या, पण कान तर मी झाकून ठेवले होते.

त्याच दिवशी नखाने सगळ्या टिकल्या काढल्या. मोबाइलवर तानपुरा लावला आणि म्हटलं, डोळे मीट आणि शोध. ती आठही दिवस यायची, शाळा असली की शाळेतून थेट. पहिले तीन दिवस असा आवाज निघायचा की वरच्या मजल्यावरच्या बेन विचारायला आल्या, ‘बेन, कोई बीमार छे?’ पोरगी दोनदा रडली. मीही एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण तिचं व्हायोलिन सुटलं तर ते माझ्यामुळे सुटणार होतं. पाचव्या दिवशी गंधार सापडला. सातव्या दिवशी हरवला.

कार्यक्रमाला हवेत इतका दमटपणा की तारा सुरात टिकत नव्हत्या. साथीला मी शेजारी व्हायोलिन घेऊन बसले. वडील पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. तिने पहिली ओळ वाजवली आणि थांबली.

‘वाजव,’ मी दातांतल्या दातांत म्हटलं.

ती माझ्याकडे वळली आणि समोरच्या माइकमधून अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं, ‘टीचर, तुमचा सा उतरलाय.’

लोक हसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणत मी तार छेडली. उतरला होता. केसभर, पण उतरला होता. तिने गज ठेवून स्वतःचा सा धरला. मी खुंटी पिळली. ‘अजून थोडा,’ ती म्हणाली. ‘अजून. बस.’ मग पहिल्यापासून सुरुवात केली आणि गंधार असा लागला की पुढची साथ करताना मला स्वतःच्या तारा धड दिसेनात.

मंचावरून उतरल्यावर वडील जवळ आले. ‘मॅडम, खरंच उतरला होता?’

‘हो.’

‘किती?’

मी बोटांच्या चिमटीत अंतर दाखवलं, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ते त्या चिमटीकडे बघत राहिले. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं, असं पुटपुटले. मग मुलीची व्हायोलिनची पेटी त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली.

‘एवढं पकडणारं मीटर आमच्याकडेपण नाही,’ ते म्हणाले. ‘गणिताचं नंतर बघू.’