आधी समेट

नव्या चुन्याचा वास आला की शेवगावजवळच्या एका खेड्यातलं छोटंसं चर्च आठवतं. नाताळाआधी भिंती रंगवल्या होत्या आणि दुपारी सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा बायकांना मी पवित्र शास्त्रातला अर्पणाचा धडा शिकवत होते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचं मन आपल्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायचा, असं मी सांगितलं. पुढं बसलेल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, “ताई, हे लगेच करायचं का मागनं केलं तरी चालंल?” मी म्हणाले, “आधी, असंच लिहिलंय.” त्या उठल्या, चपला घातल्या आणि उन्हात निघून गेल्या. बाकीच्यांनी सांगितलं की विहिरीच्या पाण्यावरून त्यांचं धाकट्या जावेशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. अर्ध्या तासानं त्या एकट्याच परतल्या. “दार न्हाई उघडलं तिनं,” त्या म्हणाल्या, “पन माझं चुकलं, असं मी बाहेरनंच सांगितलं. उद्या परत जाते.” मला पुढचं वाक्य वाचवेना, कारण मी स्वतः वडील गेल्यापासून सख्ख्या भावाशी बोलले नव्हते. त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला आणि म्हणाले, “दादा, माझं चुकलं.” तो म्हणाला, “जेवलीस का?” चौथ्या दिवशी त्या जावेनंही दार उघडल्याचं कळलं. आजही हा धडा शिकवायचा असला, की घरातून निघण्याआधी मी दादाला फोन करते.