भाकरीच्या वेळचं वाचन

लेकीच्या शाळेची पालकसभा शनिवारी असते. आम्ही नेऱ्याहून लवकर निघतो, तरी हिंजवडीच्या चौकात अडकतोच. सभेत मुलांची प्रगती पडद्यावर दाखवतात. मी नीट ऐकते, विचारायचं ते विचारते. पण मन मधेच माझ्या गावी, रिह्याच्या खोऱ्यात जातं. आमची पालकसभा तिथं एकदा खळ्यावर भरली होती.

मी तेव्हा तिसरीत होते. आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी सभा ठेवली आणि एकही आई आली नाही. भाताची झोडणी चालू होती, हातातलं काम टाकून कोण येणार? बाईंनी कुणाला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्हा मुलांना घेऊन त्याच खळ्यावर आल्या आणि पेंढ्यांच्या ढिगाला टेकून बसल्या. बाया भात झोडत होत्या आणि बाई त्या आवाजावर आवाज चढवून बोलत होत्या. प्रत्येकीला आधी तिच्या मुलाचं चांगलं काय ते सांगायच्या, मग त्याचं कुठं अडतं ते.

माझं वाचनात अडायचं. शब्दाचं पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं ठोकून द्यायचं, ही माझी रीत. बाईंनी आईला सांगितलं की हिच्याकडून रोज मोठ्यानं वाचून घ्या. आईनं हातातली पेंढी खाली ठेवली.

“मला अक्षरवळख न्हाई, बाई. मी काय शिकवणार हिला?”

“शिकवू नका,” बाई म्हणाल्या. “नुसतं ऐका. गोष्ट कळली नाही, तर हिला पुढे जाऊ देऊ नका.”

आईनं ते अगदी मनावर घेतलं. त्याच संध्याकाळपासून चुलीपुढं माझा पाट पडला. ती भाकऱ्या थापायची, मी शाळेतून आणलेलं गोष्टीचं पुस्तक वाचायची. पहिल्याच पानावर पत्राचं मी पातेलं केलं. पोस्टमननं म्हातारीला पातेलं आणून दिलं, असं वाचून मी पुढं निघाले होते. आईचा हात परातीतच थांबला.

“पोस्टमन पातेली कवापासून वाटाय लागला? परत वाच.”

परत वाचलं तेव्हा पत्र निघालं. मग हे रोजचंच झालं. अक्षर तिला दिसत नव्हतं, पण गोष्टीत खडा लागला की तिला लगेच कळायचं. कधी मी चिडायची, कधी रडायची. तव्यावरची भाकरी करपली तरी ती वाक्य सोडायची नाही. दिवाळीनंतर कधीतरी माझं ठोकून देणं थांबलं. केव्हा ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

वडील हिंजवडीत कंपनीची गाडी चालवायचे. रात्रपाळी असायची, म्हणून दुपारभर झोपायचे आणि दिवेलागणीनंतर निघायचे. माझ्या वाचनाच्या वेळी ते पलीकडच्या खोलीत पडलेले असत. त्यांची झोप मोडते या भीतीनं मी आवाज बारीक ठेवायची. त्यांनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

एकदा आई आजोळी गेली. आजीला बरं नव्हतं. त्या संध्याकाळी ऐकायला कोणी नाही म्हणून मी पुस्तक मिटून ओसरीवर बसले होते. वडील अंगणात गाडीची काच पुसत होते. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, “त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं?”

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, इतके दिवस ते डोळे मिटून सगळं ऐकत होते. मी पुस्तक उघडलं. कोल्हा विहिरीतून बाहेर येईपर्यंत ते एकच काच पुसत राहिले. खिशातला फोन दोनदा वाजला, तो त्यांनी उचलला नाही. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की शेवटचं पान मी दोनदा वाचलं.

पुढच्या सभेला ते स्वतः गेले. कंपनीचा गणवेश घालून, मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसले. बाईंनी माझं वाचन सुधारल्याचं सांगितलं आणि त्यांना काही सुचवायचं आहे का, विचारलं.

“हिला जरा मोठ्यानं वाचाय सांगा,” ते म्हणाले. “पल्याडच्या खोलीत शेवट ऐकू येत न्हाई.”

बाई हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी मला सगळ्या पालकांसमोर उभं केलं आणि एक गोष्ट वाचायला दिली. मी मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात वाचली.

मी पाचवीला मोठ्या शाळेत गेले, तेव्हाच बाईंची बदली झाली. त्या निघाल्या त्या दिवशी गावातल्या बहुतेक आया शाळेत होत्या. आई नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन गेली होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. दोघी फाटकाशी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते आईनं मला कधी सांगितलं नाही.

घरी मात्र वाचन दहावीपर्यंत चाललं. इतिहास आईला फार आवडायचा, विज्ञान तिनं नेटानं ऐकलं. बीजगणित तेवढं ऐकायला ती तयार नव्हती. त्यात कुणाचं काय होतं तेच कळत नाही, म्हणायची.