कपाटावरचं मशीन

सेलवर चालणाऱ्या जुन्या पोर्टेबल कॉम्प्युटरची रॉम चिप, म्हणजे ज्यावर मशीन सुरू होतं ती मूळ चिप, आता मिळत नाही. तिच्या जागी नवी चिप बसावी म्हणून एक वयस्क कारागीर चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आपल्या खोलीत नखाएवढे अडॅप्टर बोर्ड बनवतात. बोलणं तंजावरी मराठीत, शेवटी तमिळ ‘सरिया?’, म्हणजे ‘बरोबर ना?’, ठरलेलं. मी दुरुस्तीला नेलेलं मशीन हातात घेतलं की आधी विचारणार, “आत कोणी काय लिहून ठेवलंय काय? चिप काढायची तर करंट तोडायचा. तोडला की सगळं पुसलं, सरिया?” मी चटकन नाही म्हणतो. तरी ते पुन्हा विचारतात, आणि मला त्याचा वैताग येतो.

परवा त्यांनी कपाटावरचं तसंच एक मशीन उतरवून, आतली छोटी बॅटरी चालू ठेवून, त्याचे सेल बदलले. पडदा कोराच राहिला.

“याची रॉम गेलीय ना? मग बसवा की तुमचा बोर्ड!” मी म्हणालो.

“मुलीचं आहे,” ते म्हणाले. “गेली त्या सकाळीही यावर काहीतरी टाइप करत होती.”

मशीन पुसून त्यांनी परत वर ठेवलं. मग माझं पुढ्यात ओढलं.

“आत कोणी काय लिहून ठेवलंय काय?”

या वेळी ‘नाही’ म्हणण्याआधी मी मशीन परत माझ्याकडे ओढून घेतलं.