बर्फावरची गरम जमीन

उर्हो पेल्कोनेनला पायांत काही कळत नव्हतं. साखरेच्या आजाराने घोट्याखाली सगळं मेल्यासारखं करून टाकलं होतं. गेल्या हिवाळ्यात तो गोठलेल्या तळ्यावरच्या खोपट्यात दिवसभर बसून घरी आला, बायकोने, म्हणजे एल्माने, त्याचे बूट ओढून काढले, तर डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. ती कापावी लागली. आता बर्फावर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. उर्होने मान डोलावली आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "शहरातलं पोरगं ते. त्याला तळं काय माहीत?" चाळीस वर्षांचा आमचा शेजार. एवढ्या वर्षांत या माणसाने एल्मा सोडून कुणाचं ऐकलेलं मी पाहिलं नाही.

कागदाच्या गिरणीत त्याने जन्म घालवला. पत्ते नाहीत, दारू नाही, चर्चमध्ये जायचा तो कुणाला पुरायचं असेल तरच. त्याला हवे असायचे ते हिवाळ्यातले दोन महिने. भाल्याने पाईक मासे मारायचं त्याचं खोपटं. त्याला खिडकी नसते. दार लावलं की आत मिट्ट काळोख, आणि जमिनीतल्या चौकोनी भोकात बर्फाखालचं पाणी तेवढं हिरवं उजळलेलं. त्यात आमिषाचा लाकडी मासा नाचवत, भाला धरून बसायचं. बाकीचे दहा महिने तो नुसती वाट पाहायचा.

एल्माने उन्हाळ्यातच अट घातली. "तुझ्या त्या फळ्यांच्या फटीतून बर्फ दिसतो. नवी जमीन कर. मी तिच्यावर नुसत्या मोज्यांनी तासभर उभी राहीन. माझे पाय गार पडले नाहीत तर जा. पडले तर खोपटं फोडून सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीत घालीन."

"तासभर?" उर्हो म्हणाला. "चर्चमध्ये तर पाद्री उभा राहिला की तुझी चुळबुळ सुरू होते."

"तिथे तुझे पाय पणाला लागलेले नसतात."

मग ऑगस्टपासून त्याने ती जमीन बांधायला घेतली. दांड्यांची चौकट, दांड्यांमध्ये निळ्या फोमचे जाड तक्ते, खाली प्लायवूड, वर प्लायवूड. फटींत फसफसणारा फोम मारायचा, वाळला की सुरीने तासायचा. भोकाच्या चारही कडा तर त्याने तीनदा उकलून पुन्हा केल्या. पायांना कळत नाही म्हणून गुडघ्यांवर बसून तळहात फिरवत फिरवत वारा शोधायचा. मला बोलावून विचारायचा, "इथे हात ठेव. लागतंय काही?" मी वैतागून म्हणायचो, "अरे ऑगस्ट आहे, घाम लागतोय."

जानेवारीत खोपटं तळ्यावर नेलं. ते ओढायला माझा ट्रॅक्टर लागला. मी म्हटलं, खाली लाकडी ठोकळे घालू, बर्फापासून वीतभर वर राहू दे.

"म्हणजे खालून वारा खेळेल. मग एवढा फोम कशाला भरला?"

"जड झालंय रे. वरून हिम साचलं की बर्फ दबेल, पाणी वर येईल."

"माझ्या बापाने ठोकळे घातले नाहीत कधी. सरळ बर्फावर ठेवायचं, कडेने ओलं हिम थापायचं, गोठलं की हवाबंद."

बापाचं खोपटं दोन माणसं खांद्यावर न्यायची, हे मी बोललो नाही. थंडीत वाद नको म्हणून फावडं उचललं आणि त्याच्याबरोबर हिम थापलं. ते मी लपवत नाही.

एल्मा आली. बूट काढून उभी राहिली. उर्हो मोडक्या स्टुलावर बसून तासभर तिच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी ती रागानेच म्हणाली, "गरम आहे. काय करू? खरंच गरम आहे." गार आहे असं खोटंच सांगायचं ठरवून आले होते, हे तिने मला नंतर सांगितलं. पण त्याचं तोंड बघून तिला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो खोपट्यात गेल्या गेल्या बूट काढायला लागला. एवढी जमीन केली ती बुटांनी तुडवायला का, म्हणायचा. एल्मा कॉफी आणि वेलचीचा पाव बांधून द्यायची. इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मग तीन दिवस हिम पडलं. चौथ्या दिवशी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. खोपट्याच्या भिंतीला वाऱ्याने कमरेएवढं हिम लावलं होतं आणि सगळं एका अंगाला कललं होतं. मी दार उघडलं.

"दार लाव! मोठा आहे, खालून फिरतोय," उर्हो ओरडला.

दारातून उजेड आत पडला. भोकातून चढलेलं पाणी जमिनीवर पसरलं होतं. त्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते, आणि नुसते मोजे घातलेले त्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत त्या पाण्यात होते.

"उर्हो, पाय."

"पायांना काय झालंय? मस्त आहेत."

मग त्याने खाली पाहिलं. सकाळपासून तो तसाच बसलेला होता.

मला त्याचा राग आला, माझा आला, त्या शहाण्या जमिनीचा तर इतका आला की फावड्याने फोडून टाकावी. जुनी फाटकी थंड जमीन असती तर या माणसाने बूट काढलेच नसते.

डावा पाय गुडघ्याखाली कापला. उजव्याचं आठवडाभरात ठरवू, असं डॉक्टर म्हणाले, आणि म्हणताना कुणी आमच्याकडे बघितलं नाही.

मी इस्पितळात गेलो तेव्हा उर्हो उशीला टेकून बसला होता. आवाज खाली आणून मला म्हणाला, "एका पायाने बसता येतं. दुसरा लाकडाचा असला तर त्याला कसली आलीय थंडी? तू एल्माला विचारून बघ. तुझं ऐकेल ती."

एल्मा तिथेच, पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. पांघरुणाखाली दोन्ही हात घालून ती त्याचा उरलेला पाय चोळत होती, चोळता चोळता थांबून तोंडाची वाफ देत होती, पुन्हा चोळत होती. तो माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होता. तिने पाय धरलाय, हे त्याला माहीतच नव्हतं.