आर्डिसची खोटी विहीर

फुकट म्हटलं की आर्डिस आयर्नवुडला संशय यायचा. अमेरिकेतल्या आम्हा मूळ रहिवाशांच्या राखीव वस्तीवरच्या कॉलेजातले सगळे कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची, आणि त्या खोलीची किल्ली गळ्यात घालून फिरायची. शिपायालाही द्यायची नाही.

एकदा मोठ्या विद्यापीठातून कर्ट हाउगेन नावाचा कॉम्प्युटरवाला आला. विहिरींतलं विष जमिनीखालून कुठं सरकतंय, ते शोधायचं कॉलेजनं मनावर घेतलं होतं. तपासून झाल्या होत्या मोजक्याच विहिरी. बाकीच्यांचा अंदाज बांधणं आमच्या जुन्या डबड्यांना झेपेना.

"आमच्या मोठ्या यंत्रावर चालवा. पैसे नकोत," कर्ट म्हणाला.

"मग काय हवंय?"

"काही नाही, मॅडम."

"साखरेच्या आजारासाठी म्हणून तुमच्यासारख्यांनी आमच्या आयांचं रक्त नेलं, तेव्हाही काही नकोच होतं. मग न विचारता त्यावर भलतंच संशोधन करून छापलं!"

कर्टनं वाद घातला नाही. पुढ्यात आलेलं सूप प्यायला आणि माहितीला कुलूप कसं लावायचं ते तिला शिकवलं. परवलीचा शब्द तिचा तिनंच ठरवायचा; यंत्र कुलूप न उघडताच हिशेब करून नकाशाही कुलूपबंदच परत पाठवणार. पण कुलूप देणाऱ्याकडे दुसरी किल्ली असतेच, असं आर्डिसचं ठाम मत. तिनं गुपचूप यादीत एक खोटी विहीर घुसडली, दफनभूमीमागच्या टेकडीवर, अगदी स्वच्छ पाण्याची. ती बाहेर कुठं छापून आली, की चोर रंगेहाथ सापडला!

चोराची वाट बघण्यात ती इतकी गुंतली, की यंत्रानं काढलेला नकाशा आला, स्वच्छ विहिरी हिरव्या नि विषारी लाल दाखवणारा, तो तिनं खोटी विहीर न काढता स्वतःच वस्तीच्या कौन्सिलच्या फळ्यावर लावून टाकला.

आठवड्यानं थोरल्या बहिणीचा, विल्माचा, फोन आला. "आर्डी, माझी विहीर हिरव्यात आहे! नकाशा लागला त्या दिवसापासून टँकरचं पाणी बंद केलं बघ मी."

विल्माचं घर त्याच टेकडीच्या पायथ्याशी; तिची विहीर तपासलेलीच नव्हती, वरच्या खोट्या स्वच्छ विहिरीवरूनच यंत्रानं तिचा अंदाज बांधला होता.

"ताई, त्या पाण्याला तोंड लावू नकोस!" एवढंच बोलून तिनं कर्टला फोन लावला. "त्यात एक विहीर खोटी आहे. मी घातली. तुला पकडायला."

कर्टनं लगेच विचारलं,

"कुठली?"

"सोंग नको करूस. पाहिली असशीलच की."

"मॅडम, किल्ली तुमच्याकडे आहे. मला ते उघडताच येत नाही. ती विहीर काढावीही तुम्हालाच लागेल."

तिनं विहीर काढली, हिशेब पुन्हा चालवला. विल्माची विहीर लाल झाली.

त्याच दुपारी आर्डिस पाण्याची पिंपं घेऊन बहिणीच्या दारात उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. विल्मानं पिंपं आत घेतली.

"मग? सापडला का चोर?"

"तो आलाच नव्हता, ताई," आर्डिसला रडू आवरेना. "आणि मी तुला आठवडाभर ते पाणी पाजलं."