ठासणीच्या बंदुकीला काय लावावं

लग्न होऊन मी साखरखेर्ड्याजवळच्या गावात आले, त्या हिवाळ्यात घरातलं तूप कमी होऊ लागलं. तूप घरच्या म्हशीचं, सासूबाई स्वतः कढवायच्या. बरणीला हात आम्हा दोघींचेच. म्हणजे त्यांनी नेलं नसेल, तर मीच.

त्या सरळ बोलल्या नाहीत. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मलकापूरले तूप महाग भेटते काय वं?"

मलकापूर माझं माहेर. आदल्याच दिवशी माझा भाऊ भेटून परत गेला होता. प्रश्न कुठं चाललाय ते मला कळलं आणि घास कडू झाला.

त्याच आठवड्यात पिवळ्या रेघांची हिरवी सुती साडी नेसताना आतल्या टोकाला हात लागला. तिथली पट्टी कुणीतरी कापून नेली होती. सरळ, कात्रीनं. उंदीर असं कुरतडत नाही. सुनेच्या साडीचा तुकडा कोण कापतं आणि कशासाठी, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. करणी! कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते मी, तरी सासूबाईंनी लिंबू कापलं की माझं लक्ष त्यांच्या हाताकडे जायचं. त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुले काही बी वाटते."

या सगळ्यात मामाजींवर, म्हणजे सासऱ्यांवर, कुणाचाच संशय नव्हता. अबोल माणूस. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं शिरतात, म्हणून त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी घालायची आणि गजानं ठासायची.

एका दुपारी मी त्यांचा डबा घेऊन शेतात गेले. बार झाला. मामाजींनी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, मातीत गोळी मारली होती, पण लागली कुठं ते त्यांनी पाहिलंच नाही. गुडघ्यावर बसून गवतात काहीतरी चाचपू लागले.

"काय शोधता, मामाजी?"

"काही नाही." हात पटकन खिशात गेला.

माझ्या पायाशी काहीतरी पडलं होतं. गोल चिंधी, मध्ये काळी, कडेला हिरवी, त्यावर पिवळी रेघ. नाकाशी धरली. धुराच्या वासाखाली तुपाचा वास!

"ही माझी साडी आहे."

ते उभे राहिले. "आतल्या टोकाची घेतली, बाई. नेसल्यावर दिसत नाही म्हणून."

"आणि तूप?"

आधी त्यांनी घराच्या दिशेला पाहिलं. "ट्रॅक्टरचं ऑइल लावून पाह्यलं, नळीत डांबर बसलं. गोडेतेल लावलं, तं चिंधी जळतच बाहेर पडे. वाळल्या तुरीत पडली तं? बाजारच्या एरंडेलात काय मिसळतात, कोणाले माहीत. तूप घरचं. त्यात खोट नाही."

"मग मागितलं काऊन नाही?" माझ्याही तोंडी त्यांचीच भाषा आली.

"बंदुकीसाठी? तिच्याजवळ?"

ती चिंधी मी सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी हुंगली. मग म्हणाल्या, "म्या तुह्यावर आळ घेतला."

मलाही राहवलं नाही. "मला वाटलं, तुम्ही करणी केली."

वाटलं होतं, हसतील. त्यांचा चेहरा उतरला. "म्या? तुह्यावर?" पुढचे काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तुपापेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं.

तरी गोष्ट त्यांनीच निस्तरली. धुऱ्यावरच्या एरंड्या वेचून आणल्या, भाजून, कुटून अंगणात पातेल्यात उकळल्या. वर आलेल्या तेलात मधमाशांचं मेण वितळवलं, निवल्यावर त्याचं मलम झालं. मामाजींनी ते चिंधीला चोळून बार काढला. चिंधी अखंड पडली, कड जळली नाही. रोह्यांचा कळप शेजारच्या शेतात पळाला.

दुसऱ्या दिवशी त्या शेताचा मालक दारात. "काकू, तुमचं ते मलम थोडं द्या. दाराची बिजागरी लय कुरकुरते."

सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "मलम आहे म्हणून कोणी सांगतलं तुले?"

तो घुटमळला. त्यांनी बोटभर दिलं, आणि फाटकाबाहेर जाईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "बिजागरीले तं कोणतंबी तेल चालते. याच्याकडं चोरून बंदूक दिसते."