कुमुदकाकूंचं इंग्लिश

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. अविनाश हे तुमच्याबरोबरच पहिल्यांदा वाचेल, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे कसा बघेल याची मला आत्तापासून धास्ती आहे. ज्या बाईला हे सांगायलाच हवं होतं, तिला सांगायलाही मी कित्येक वर्षं घालवली. त्यामुळे झटकन मुद्द्यावर येणं मला जमेल असं वाटत नाही. दोन-तीनदा सुरुवात करून खोडलंय.

आधी मी कोण, ते सांगते. नागपूरला कॉलेजात कॉमर्स शिकवायची. लग्न होऊन मिशिगनला आले. अविनाश गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि मी — डिपेंडंट. व्हिसावर तसाच शब्द होता. काम करायची परवानगी नाही. दुपारी खिडकीशी उभी राहून समोरच्या घराचं गॅरेज उघडताना आणि बंद होताना बघायची. पार्टीत कुणी विचारलं, "अँड व्हॉट डू यू डू?" की मी अविनाशच्या नोकरीबद्दल बोलायला लागायची. अशी किती वर्षं गेली ते आता मोजायचं नाही. पण ती खिडकी माझ्या आत कुठेतरी राहून गेली, हे खरं.

मग ग्रीन कार्ड आलं, नागरिकत्व आलं. मुलीच्या शाळेच्या बसवरून भांडता भांडता स्कूल बोर्डावर निवडून आले, आणि तिथून राज्याच्या विधिमंडळात. बर्फात दारोदार हिंडून मतं मागितली. माझे उच्चार ऐकून काहींनी तोंडावर दार लावलं, काहींनी आत बोलावून कॉफी दिली. आई तिकडे नागपुरात भाजीवाल्यालाही सांगायची, "आमची वैशू अमेरिकेत आमदार आहे."

आणि मी चांगली आमदार होते. हे फुशारकीने सांगत नाही. पण तशी नसते तर कुमुदकाकू माझ्याकडे आल्याच नसत्या.

कुमुदकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या निखिलची आई. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले आणि दोघं नाशिकहून मुलाकडे राहायला आले. पुढे काकांना विसरायला होऊ लागलं. आधी नावं, मग रस्ते, मग स्वतःचं घर. शेवटी निखिलने त्यांना अशा आजारासाठी असलेल्या एका केअर होममध्ये ठेवलं. काकू रोज दुपारी तिथे जायच्या आणि मंडळात कुणी विचारलं तर विषय बदलायच्या. नवऱ्याला बाहेर ठेवलं — ही लाज त्यांना खात होती.

एका फेब्रुवारीत काकूंना सर्दी झाली, म्हणून त्या गेल्या नाहीत. त्या दुपारी काका बाजूच्या दारातून बाहेर पडले. सामान आत आणताना सारखा वाजतो म्हणून त्या दाराचा अलार्म कुणीतरी बंद करून ठेवलेला. त्या अख्ख्या भागात एकच मुलगी कामावर होती. काका सापडले ते पार्किंगपलीकडच्या झाडांत, बर्फात बसलेले; जीव केव्हाच गेला होता. एका पायात सपात होती, दुसरा पाय उघडा.

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा रडल्या नाहीत. म्हणाल्या, "वैशाली, दारं वाजली पाहिजेत असा कायदा करता येतो का?"

करता येतो, मी म्हटलं. आणि केलाही — म्हणजे बिल लिहिलं. साधं होतं. बाहेरच्या प्रत्येक दाराला अलार्म, तो कायम चालू, आणि जितके पेशंट त्या मानाने कामाला माणसं. कमिटीपुढे सुनावणी लागली. मी काकूंना म्हटलं, तुम्ही बोला. त्या घाबरल्या. नाशिकच्या मराठी शाळेत शिकलेल्या, इथे लायब्ररीतल्या बोलण्याच्या वर्गाला जाऊन जेवढं इंग्लिश आलं तेवढंच. माझ्या किचनमध्ये बसून आम्ही किती वेळा तयारी केली! मी वाक्यं सुधारून द्यायची, त्या ती गिरवायच्या, आणि मध्येच म्हणायच्या, "असं नको गं, हे माझं वाटत नाही."

सुनावणीच्या दिवशी त्यांनी माझी सगळी वाक्यं बाजूला ठेवली. माइकपुढे बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "माय हजबंड डिड नॉट गेट लॉस्ट. दे लॉस्ट हिम."

समोरच्या पक्षाचा एक म्हातारा मेंबर — माझ्या एकाही बिलाला त्याने कधी हात वर केला नव्हता — चष्मा काढून डोळे पुसत राहिला. नंतर कॉरिडॉरमध्ये मला गाठून म्हणाला, माझं मत धर. आणखी दोघांनी तेच सांगितलं. पुरेशी मतं जमली होती. हे नीट लक्षात ठेवा — मतं जमली होती, आणि ती माझ्यामुळे नाही, काकूंमुळे.

मतदान पुढच्या आठवड्यात होतं. मधल्या दिवसांत ग्रेगचा फोन आला. ग्रेग अशा केअर होम्सच्या संघटनेचा माणूस. वाईट नाही हो. त्याची आईही तसल्याच एका होममध्ये होती. कॉफी पिता पिता त्याने विचारलं, "ही टर्म संपली की पुढे काय?" इथे ठरावीक वर्षंच आमदार राहता येतं, त्यामुळे मी पुन्हा उभी राहू शकत नव्हते. मुदत संपत आली होती. मी हसून म्हटलं, "बघू." तो म्हणाला, आम्हाला तुझ्यासारख्या माणसाची गरज आहे. मग इकडचंतिकडचं बोलला, आणि उठताना म्हणाला, "ते बिल यंदा नको. छोटी होम्स बंद पडतील. पुढच्या सेशनला आपण मिळून चांगलं करू."

त्याने कुठलीच अट घातली नाही. मी कशालाच हो म्हटलं नाही. पण गाडीत बसल्यावर मला काय दिसलं असेल? ती खिडकी. ते उघडणारं आणि बंद होणारं गॅरेज. आणि पार्टीतला तो प्रश्न. त्याचं माझ्याकडे आता पुन्हा उत्तर नसणार, ही भीती.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीच्या चेअरमनकडे गेले आणि माझंच बिल यादीतून काढायला सांगितलं. "अजून थोडं काम करायचंय," म्हटलं. त्याने खांदे उडवले. एवढ्यावरच काम झालं. सेशन संपलं आणि बिलही गेलं.

हा माझा गुन्हा असं तुम्हाला वाटत असेल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेवढंच सांगत होते — राजकारणात होतं असं, बिलं मरतात. पण ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले, ते पुढे आहे.

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेले. निखिल कामावरून यायचा होता. मी सांगितलं, "बिल पुढे गेलं नाही, काकू. मतं कमी पडली."

त्यांनी अगदी हळू विचारलं, "माझं इंग्लिश कमी पडलं का गं?"

नाही म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं. पण नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग का पडलं? आणि मला दुसरं कारण शोधावं लागलं असतं. त्यांनीच माझ्या हातात एक तयार कारण ठेवलं होतं. मी ते घेतलं. म्हटलं, "तुम्ही छानच बोललात हो. पण... काही जणांना समजायला जड गेलं असेल थोडं."

काकूंनी मान हलवली. माझा हात थोपटला — माझा! — आणि म्हणाल्या, "तू तुझ्याकडून सगळं केलंस. मीच तुझी वाक्यं म्हणायला हवी होती." मग चहा टाकायला उठल्या. मी तो चहा प्यायले.

टर्म संपल्यावर ग्रेगच्या संघटनेचं काम घेतलं. लॉबिइस्ट — आमदारांना गाठून संघटनेची बाजू पटवायची. फोनवर आईला काही केल्या कळेना. म्हणाली, "म्हणजे दलाल का गं?" मी हसले. अविनाशही हसला. पण कामात मी तरबेज होते, तेच कॉरिडॉर, तीच माणसं, फक्त गळ्यातला बिल्ला वेगळा. मंडळात माझा सत्कार झाला. अध्यक्षांनी काकांच्या बिलाचा मुद्दाम उल्लेख केला — वैशालीताईंनी जिवाचं रान केलं, वगैरे. काकू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

आणि काकूंचं काय झालं? त्यांनी लायब्ररीतला वर्ग सोडला. दुकानात कुणी काही विचारलं तर नुसत्या हसायच्या. फोन वाजला की निखिलच्या हातात द्यायच्या. एकदा शेजारच्या नोव्हाय गावातल्या इंडियन ग्रोसरीत त्यांनी दिलेले सुटे पैसे कमी आहेत म्हणून काउंटरवरच्या मुलीने आणखी मागितले. काकू बरोबर होत्या, पण काही न बोलता त्यांनी पुन्हा पर्स उघडली. मी मागे रांगेत होते. मी त्या मुलीला दोन शब्द सुनावले. काकू कौतुकाने म्हणाल्या, "तुला बोलता येतं म्हणून."

सांगा, असं ऐकून माणूस घरी जाऊन जेवतो कसा? मी जेवले.

यंदा एक नवी मुलगी निवडून आली आहे, एरिन नावाची. तिला कुठूनतरी त्या जुन्या सुनावणीचं रेकॉर्डिंग सापडलं आणि तिने ते बिल पुन्हा मांडलं. काकूंनी येऊन बोलावं म्हणून ती निखिलच्या मागे लागली. निखिलने मला फोन केला, "ताई, आई ऐकतच नाही. म्हणते, माझ्या इंग्लिशमुळे एकदा पडलंय, पुन्हा नको. तुम्ही समजवा ना यार, तुमचं ऐकेल ती."

त्याच आठवड्यात ग्रेगने मीटिंगमध्ये विचारलं, "त्या आजी येणार आहेत का? त्या आल्या तर आपलं कठीण आहे." कुणीतरी म्हणालं, ती नाही म्हणतेय. ग्रेगने सुटकेचा श्वास सोडला. आणि क्षणभर मीही.

त्या क्षणाची मला शिसारी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूंकडे गेले.

त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. ग्रेगची कॉफी, चेअरमन, मतं. त्या देठं खुडत ऐकत होत्या. मग हात थांबले. मला वाटलं, विचारतील, का केलंस? मी त्याची तयारी करून गेले होते — खिडकी, गॅरेज, सगळं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांना माझं बोलणं कळलं होतं?"

"हो, काकू. सगळ्यांना. शब्द न् शब्द."

त्यांनी हातातली जुडी बाजूला ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि मी एवढी वर्षं डॉक्टरकडे गप्प बसते. कुठे दुखतं ते निखिल सांगतो. बायकांचं काही असलं तर तेही."

मला रडू आलं. त्यांना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "निखिलला मी सांगेन. तू नको सांगूस. आता घरी जा, वैशाली." नेहमी गाडी वळेपर्यंत दारात उभ्या राहणाऱ्या काकू जागच्या उठल्या नाहीत.

मी ग्रेगला कळवलं की या बिलावर मी काम करणार नाही. कारण विचारलं तर घरगुती अडचण म्हटलं. म्हणजे तिथेही खरं बोलले नाही. बाकीचं काम चालू आहे.

सुनावणी मी घरी कॉम्प्युटरवर पाहिली. काकू काठी घेऊन आल्या. हातात कागद नव्हता. माइक जवळ ओढला आणि म्हणाल्या, "आय केम हिअर बिफोर. दॅट टाइम ऑल्सो यू अंडरस्टुड मी." मग काकांबद्दल बोलल्या — कालवे कसे आखायचे, सपाता कशा सारख्या इकडेतिकडे टाकायचे, त्या दुपारी आपल्याला सर्दी कशी झाली. कुठे अडखळल्या, की थांबून शब्द शोधायच्या आणि तो सापडेपर्यंत खोलीला थांबायला लावायच्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तरी चाललं असतं, असं मी इथे लिहिलं होतं. खोडलं. त्या बोलत होत्या तोवर मला घाम फुटला होता.

बिल कमिटीतून पुढे गेलंय. सभागृहात काय होईल ते ठाऊक नाही. ग्रेगची माणसं विरोधात फिरताहेत, आणि कुणाला कुठे गाठायचं हे त्यांना मीच शिकवलेलं आहे. निखिल माझा फोन घेत नाही. काकू मंडळात भेटल्या, इतरांशी बोलतात तसं माझ्याशी दोन वाक्यं बोलल्या, आणि पुढे गेल्या. लायब्ररीतल्या वर्गाला पुन्हा जायला लागल्यात, असं दुसऱ्या कुणाकडून कळलं.

मतं होती. काकूंचं इंग्लिश बरोबर होतं. बिल मी थांबवलं, आणि दोष त्यांना दिला.